सिक्युअर बूट आणि जावयाचा मान

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे भिंत आहे. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आणि खाली जुन्या मदरबोर्डांचा ढीग. तेवढं बघून झालं की तो मला विचारतो, "मेकॅनिक कुठं गेलेत?"

"इथंच हाय की," मी म्हणते. "बाई हाय म्हणून दिसंना का?"

मग तो ओशाळतो, मी हसते आणि कामाला सुरुवात होते. परभणीत स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा टीव्हीसारखे जाडजूड मॉनिटर होते आणि ते उचलायला दोन माणसं लागायची. आता लॅपटॉप काखोटीला मारून पोरं येतात. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी दुकान अर्धाच दिवस उघडते. तरी सकाळी शटर वर केलं की पायरीवर कुणीतरी बसलेलं असतंच, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं की यंत्राचं दुखणं किती आणि माणसाचं किती.

बहुतेक वेळा यंत्राला काही झालेलंच नसतं. पिंगळीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी एकदा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन आणला. दुकानात शिरतानाच म्हणाले, "गेला. काल रात्रीपर्यंत बरा होता." मी वायर जोडली. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरात एक ओळ : सुरू करण्यासाठी काही सापडत नाही. मी डब्याच्या मागच्या बाजूला हात घातला आणि तिथं अडकून बसलेला पेनड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर लागलीच सुरू झाला. गुरुजींनी त्यात प्रवचनं भरून ठेवली होती. यंत्र बिचारं आधी त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत होतं आणि तिथं प्रवचनांशिवाय काही नव्हतं. गुरुजींना आनंद व्हायला हवा होता, पण ते जरा नाराजच झाले. "एवढंच?" म्हणाले. गोधडीत गुंडाळून आणण्याइतकं तरी मोठं दुखणं असावं अशी त्यांची अपेक्षा होती.

हे सांगायचं कारण, आमच्या धंद्यातली निम्मी भानगड त्या सुरुवातीच्या काही क्षणांत असते. आपण बटण दाबतो आणि विंडोज येतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. कीबोर्ड आहे का, मेमरी आहे का, डिस्क आहे का, हे तो बघतो आणि मग ठरवतो की पुढचा कारभार कुणाच्या हाती द्यायचा. त्याच क्षणी एफ-टू किंवा डिलीट दाबलं की त्याच्या सेटिंगा उघडतात. जुने लोक त्याला बायोस म्हणतात. आता त्याचं नाव बदललंय, पण तोंडात बसलेलं नाव जात नाही.

त्या सेटिंगांमध्ये एक ओळ असते, सिक्युअर बूट. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर रेक्टरबाई बसतात, त्यातलंच हे काम. त्या कुणाची पिशवी तपासत नाहीत, फक्त ओळखपत्र मागतात आणि सही जुळवतात. सही ओळखीची असली तर आत, नसली तर बाहेर. कॉम्प्युटर सुरू करायला जो प्रोग्रॅम पुढे येतो, त्याच्यावर ओळखीची सही आहे का, एवढंच सिक्युअर बूट बघतं. विंडोज जागं व्हायच्या आधीच एखादा भुरटा आत शिरून बसला, तर नंतर कितीही अँटीव्हायरस टाका, तो सापडत नाही. म्हणून ही फाटकावरची चौकशी.

पण आमच्या धंद्यात एक रीतच पडून गेली आहे. कोणतंही मशीन टेबलावर आलं की आधी बायोसमध्ये जायचं, सिक्युअर बूट बंद करायचं, मग पेनड्राइव्ह लावायचा. कामून, तर कामात आडवं येतं. व्हिडिओ बघून शिकणारी पोरंही पहिला धडा हाच गिरवतात. आणि बंद केलेलं परत चालू करायचं असतं, हे त्या व्हिडिओत शेवटी असतं. शेवटपर्यंत बघतो कोण?

एक फोटो स्टुडिओवाले माझ्याशी यावरून भांडले होते. "मशीन माझं, आन् मलाच ओळखपत्र मागायलंय? बंद करा म्हणलं ना!" मी नाही म्हटलं, तर त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. पुढं त्यांच्या मशीनमध्ये असं काही शिरलं की डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं तरी ते परत उगवायचं. ते मशीन शेवटी माझ्याकडेच आलं. मशीन मी नीट केलं, पण त्यातले एका लग्नाचे फोटो काही हाती लागले नाहीत. त्या नवरीची आई दुकानात येऊन बसली होती. माझी चूक नव्हती, तरी ती बाई मला अजून आठवते.

असे प्रसंग बरेच. पण मला सांगायची आहे ती शिवलीलाची गोष्ट.

शिवलीला कृषी विद्यापीठात पीएचडी करणारी मुलगी. मूळची पूर्णेची, वडिलांचं तिथं किराणा दुकान. घरात शंकराची भक्ती, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. ती आली तेव्हा तिच्या हातात लॅपटॉप होता आणि डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, बस आधी. पाणी दिलं. तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. निळा पडदा. त्यावर लिहिलेलं : रिकव्हरी की टाका.

"ताई, उघडंना गेलंय. काहीबी करा."

"काय होतं यात?"

"ज्वारी," ती म्हणाली आणि परत रडायला लागली.

ज्वारीच्या वाणांची तीन हंगामांची निरीक्षणं होती त्यात. कोणत्या ओळीतलं धाट किती उंच, कणीस कधी बाहेर पडलं, दाणा किती भरला, खोडमाशी किती लागली. शेतात उभं राहून ही पोरगी सगळं थेट लॅपटॉपमध्ये भरायची. पहिल्या हंगामाची प्रत तिच्या मार्गदर्शकांकडे होती. पुढच्या दोन हंगामांचं जे काही होतं ते या डब्यात. प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर आलेली. हे गेलं असतं तर तिला परत पेरणी करावी लागली असती, आणि ज्वारी काही आपल्या सोयीनं वाढत नाही.

"दुसरी प्रत ठेवली न्हाईस?"

"ठेवली होती की. पेनड्राइव्हमधे."

"मग तो आण."

तिनं मान खाली घातली. तेव्हा सगळा खुलासा झाला. तिच्या वर्गातल्या एका मित्रानं सांगितलं होतं की आकडेमोडीचं एक सॉफ्टवेअर विंडोज सोडून दुसऱ्या सिस्टिमवर चांगलं चालतं, मी टाकून देतो. सिस्टिम टाकायला पेनड्राइव्ह लागतो. जवळ एकच होता, हाच. तो रिकामा करून त्यानं त्यात नवी सिस्टिम भरली. मग व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. त्याच्याच शेजारी अजून एक ओळ होती, सुरक्षा चिप साफ करायची. ती कशासाठी असते ते त्याला माहीत नव्हतं, पण साफ करणं चांगलंच असतं म्हणून त्यानं तीही दाबली. मशीननं विचारलं, नक्की करू का? तो हो म्हणाला. आपण सगळेच हो म्हणतो. म्हणजे एका दुपारी त्या भल्या पोरानं मूळ माहितीला कुलूप लावलं आणि प्रत पुसून टाकली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शिवलीला म्हणाली, तोबी जेवंना गेलाय.

आता ही चिप म्हणजे काय ते सांगते. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरचं सगळं आपोआप कुलूपबंद होतं. मालकाला बहुधा त्याचा पत्ताच नसतो. कुलपाची किल्ली असते या चिपकडे. बचत गटाची पेटी सांभाळणारी एखादी कडक बाई असते ना, तशी ही. रोजच्या बायका रोजच्या जागी बसलेल्या दिसल्या की मुकाट्यानं किल्ली देते. एक जरी जागा बदललेली दिसली, तर पदरात किल्ली बांधून गप्प बसते. सिक्युअर बूट नुसतं बंद झालं असतं तर मी ते परत चालू केलं असतं आणि बाईनं किल्ली दिली असती. असं मी कितीतरी जणांचं करून दिलं आहे. तेही आधी करून बघितलं. पण इथं त्या बाईची स्मरणशक्तीच पुसली होती. किल्ली तिच्याकडे राहिलीच नव्हती.

अशा वेळेसाठी अठ्ठेचाळीस आकड्यांची एक जादा किल्ली असते. कुलूप लागतं तेव्हाच ती ज्याच्या ईमेल खात्यावरून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला, त्याच्या खात्यात जाऊन पडते. म्हणून मी तिला विचारलं, "तुझा ईमेल सांग."

तिनं सांगितला. माझ्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडलं. किल्लीच्या पानावर काही नव्हतं. रिकामं. दुसरं खातं आहे का? नाही. विद्यापीठाचं? तेही बघितलं. नाही.

मग मी निळा पडदा नीट वाचला. हल्ली त्यावर खाली एक इशारा देतात, किल्ली कुणाच्या खात्यात आहे त्याचा. ईमेलची पहिली काही अक्षरं आणि पुढं चांदण्या. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हे कुणाचं हाय?"

शिवलीलानं वाचलं आणि लॅपटॉप परत माझ्याकडे फिरवला. "दाजींचं," ती म्हणाली.

"मग सोपं झालं की. लाव दाजींना फोन."

"न्हाई ताई. त्यांचं नाव काढायचं न्हाई घरात."

तिची मोठी बहीण महानंदा. तिचं लग्न चुडाव्याच्या राजशेखरशी झालेलं. दीड-दोन वर्षांपासून महानंदा माहेरी होती आणि परत जायचं नाही म्हणत होती. काय झालं होतं ते शिवलीलानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच कळलं की दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं.

"मग तुझ्या लॅपटॉपमधे दाजींचं खातं आलं कुठून?"

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं, कारण दुसऱ्या दिवशी पूर्णेहून तिचे वडील आले. विश्वनाथअप्पा. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बरोबर महानंदा. अप्पांनी आधी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग शिवलीला म्हणाली, "अप्पा, ह्याच ताई." अप्पांनी हात जोडले.

"ताई, नवा घेऊन देतो लॅपटॉप. ह्याच्याहून चांगला देतो. हे झंझट नको."

"अप्पा, डबा नवा मिळंल. ज्वारी मिळायची न्हाई."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. किल्ली कुठं आहे तेही. अप्पा ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता खाली बघायला लागले. मग एकदम म्हणाले, "म्या केलंय हे."

महानंदा सासरी नांदत होती तेव्हा, पाडव्याला लॅपटॉप घरी आणला होता. आमच्याकडं नवी वस्तू आली की पहिला हात कुणाचा लागावा याचा मोठा विचार असतो. कुणी लेकीला पुढं करतं, कुणी सवाष्णीला. अप्पांच्या घरात तो मान जावयाचा. ट्रॅक्टर जावयानं सुरू करायचा, पिठाच्या गिरणीचं बटण जावयानं दाबायचं. लॅपटॉपलाही भस्म लावलं, नारळ फोडला आणि अप्पा म्हणाले, राजशेखर, तुमचा हात लागू द्या. जावई पाटावर बसला. लॅपटॉपनं नाव विचारलं, त्यानं आपलं टाकलं. ईमेल विचारला, आपला टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवलीलाला पुढं नुसता चार आकड्यांचा पिन मिळाला आणि तिला वाटलं, लॅपटॉप आपला झाला.

एरवी मला हसू आलं असतं. इतक्या वर्षांत मी पासवर्ड विसरलेले पाहिले, चार्जर उंदरानं खाल्लेला पाहिला, पण हुंड्यासारखी किल्लीच जावयाच्या घरी गेलेली पहिल्यांदा बघत होते. अप्पांकडे बघून मात्र हसू आलं नाही. त्या माणसानं मान दिला होता, दुसरं काय केलं होतं?

"त्या माणसाच्या तोंडाला लागायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "पोरीला अजून दोन वर्षं शिकवीन."

बहिणीसाठी शिवलीला गप्प बसली होती, हे मला दिसत होतं. आणि मग इतका वेळ दाराशी उभी असलेली महानंदा पुढं आली. म्हणाली, "ताई, फोन मी लावते. काय इचारायचं ते तुमी सांगा."

"महानंदा," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तिनं उन्हात उभं राहून केलंय ते. मी बघितलंय."

तिनं माझ्या फोनवरून, स्पीकरवर फोन लावला. मी शटर अर्धं खाली ओढलं, कारण गल्लीतल्या लोकांना ऐकायला लय आवडतं. घंटी वाजत राहिली. पलीकडून आवाज आला, "कोण?"

"मी बोलायलेय. महानंदा."

"बोल."

तिनं सगळं सांगितलं. सरळ, न चाचरता. शिवलीलाचा लॅपटॉप, कुलूप, किल्ली तुमच्या खात्यात आहे, एवढी वाचून दाखवा. मी तिला जसं सांगितलं होतं तसंच.

"देतो की," तो म्हणाला. "मी येतो उद्या परभणीला. तू ये. बसून बोलू, मग देतो."

"बसायचं न्हाई. नंबर सांगायचा तर सांगा."

"इतक्या दिवसांनी फोन केलास, आन् कामापुरताच?"

"कामापुरताच."

"मग मला बी जरा इचार करू दे."

शिवलीलानं डोळे मिटून घेतले. माझे हात पडद्यासमोर नुसते टेबलावर होते. तीस वर्षांत कुठलीही डिस्क मला इतकी हतबल करून गेली नसेल. यंत्र असतं तर मी काहीतरी उघडलं असतं, काहीतरी फिरवलं असतं. इथं सगळं त्या एका माणसाच्या जिभेवर होतं.

तेवढ्यात फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून. "कोण हाय रं? महानंदा हाय का?"

"तू गप, आई."

"का गप? कशाचा नंबर मागायलीय ती?"

महानंदाचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "आत्याबाई, शिवलीलाच्या शिक्षणाचं हाय. तिचं सगळं काम अडकलंय."

भांडी ठेवल्याचा आवाज आला. मग बाई फोनच्या अगदी जवळ येऊन बोलल्या, पण आमच्याशी नाही, लेकाशी. "तुझं भांडण बायकोसंगं हाय. तिच्या बहिणीच्या शाळेसंगं न्हाई. वाच."

"आई..."

"वाच म्हणते ना. महानंदानं माझ्या डोळ्याच्या आपरेशनला माझ्यापाशी रात्रंदिवस बसून काढलंय. तू कुठं होतास तवा?"

शेवटी तो म्हणाला, "कुठं बघायचं ते सांगा."

आता माझं काम सुरू झालं. त्याच्या फोनवर कुठं जायचं, काय दाबायचं, ते मी एकेक करून सांगितलं. खात्यात दोन किल्ल्या होत्या, एक त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची आणि एक हिची. मी म्हटलं, घाई करू नका, पडद्यावरची पहिली आठ अक्षरं मी वाचते, ती कुठल्या किल्लीपुढं आहेत ते बघा. मी वाचली. तो म्हणाला, "दुसरीपुढं." मग त्यानं सहा-सहा आकडे वाचायला सुरुवात केली. तो वाचायचा, महानंदा मोठ्यानं परत म्हणायची, मी दाबायची. मध्येच तिनं त्याला थांबवलं. "परत सांगा. सहा का सात?" "सहा." "सहा," ती म्हणाली. नवरा-बायकोचं बोलणं चालू होतं आणि त्यात फक्त आकडे होते.

शेवटचे सहा टाकून मी एंटर दाबलं. निळा पडदा गेला. काळा झाला. गोल गोल फिरणारे ठिपके आले. आणि मग एक हिरवंगार शेत आलं, ज्वारीचं. शिवलीलानं पडद्यावर तोच फोटो लावलेला होता.

ती खुर्चीत मागे टेकली आणि हसायला लागली, रडत रडत. अप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. मला स्वतःला इतकं हलकं वाटलं की मी उगीचच पंखा वाढवला.

"उघडलं का?" फोनमधून आवाज आला. आम्ही त्याला विसरूनच गेलो होतो.

"उघडलं," महानंदा म्हणाली.

"सगळं हाय का त्यात?"

"हाय."

"तू कशी हायेस?"

"बरी हाय. आत्याबाईंना सांगा, डोळ्यात औषध टाकत जा म्हणावं." आणि तिनं फोन ठेवला.

पुढची दुपार कामाची होती. आधी ज्वारी दोन ठिकाणी उतरवून घेतली. एक प्रत अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. हा पेनड्राइव्ह मेलो तरी कुणाला देणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. मग लॅपटॉपमधून राजशेखरचं खातं काढलं, शिवलीलाचं घातलं, सिक्युअर बूट चालू आहे ना ते परत एकदा पाहिलं आणि कुलूप सोडून नव्यानं लावलं, म्हणजे जुनी किल्ली कुणाकडं असली तरी उपयोगाची राहिली नाही. शिवलीलानं आपलं नाव टाकलं तेव्हा अप्पा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना मी म्हटलं, "अप्पा, मान द्यायचा तर नारळ जावयाला फोडू द्या. नाव मालकाचं टाका."

आता नवीन लॅपटॉप घेऊन कुणीही आलं की मी आधी हेच विचारते, पहिल्यांदा कुणी सुरू केला? उत्तरं ऐकाल तर थक्क व्हाल. कुणाचा मामानं, कुणाचा दुकानदारानं, कुणाचा सरपंचानं. लोक घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवताना विचार करतात आणि ही किल्ली टाळ्या वाजवून देऊन टाकतात. मला याचा राग येतो. पण रागावून काय करू? त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या धंद्यात सांगायला वेळ कुणाला आहे?

त्या दिवशी सगळं आवरलं, अप्पा आणि शिवलीला चहा सांगायला बाहेर गेले, आणि महानंदा तिथंच थांबली. मी तारा गुंडाळत होते. तिनं पदराखालून आपला मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, ह्यो बी त्यांनीच चालू करून दिला होता."

मी बघितलं. खातं राजशेखरचं. तिचे फोटो त्या खात्यात जात होते. ती कुठं आहे तेही त्या खात्याला दिसत होतं. पूर्णेत, परभणीत, दवाखान्यात, वकिलाकडं, सगळीकडं. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तिला जसं होतं तसं सांगितलं.

ती रडली नाही. "म्हणजे आज मी हितं हाय, हे फोन लावायच्या आधीच त्यांना ठावं होतं?"

"बघितलं असंल तर ठावं होतं."

तिनं टेबलावरचा फोन माझ्याकडे ढकलला. "काढा," ती म्हणाली.

तिचे फोटो आणि नंबर मी आधी बाजूला उतरवून घेतले. मग ते खातं काढलं आणि नवीन खात्याचं पान उघडून फोन तिच्या हातात दिला. "हे तू कर. मी दाबणार न्हाई."

तिनं एका बोटानं हळूहळू लिहिलं. महानंदा. त्याखालची चौकट आडनावाची होती. तिथं तिचं बोट थांबलं. एक आडनाव चुडाव्याचं होतं, एक पूर्णेचं. बाहेरून अप्पांचा आवाज आला, चार चहा, एक बिनसाखरेचा.

"ताई, हे टाकावंच लागतंय का?"

मी चष्मा लावून वाकून वाचलं. चौकटीत फिकट अक्षरात लिहिलं होतं, ऐच्छिक.

"न्हाई," मी म्हणाले. "नुसत्या नावावर बी चालतं."

"चालतं?" तिनं परत विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता 'पुढे' दाबलं.